खुराडं बांधताय? आधी रात्रीचा विचार करा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात परसातल्या लाकडी खुराड्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा ढीगच आला. त्यातले निम्मे "रंग कोणता द्यावा" असे होते, त्यांना एकदाच सांगून टाकतो, कोणताही द्या, बाहेरून द्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच कोंबड्या आत सोडा, बस्स. बाकीच्यांतले सगळ्यांच्या कामाचे वाटले ते प्रश्न खाली घेतलेत. पण जवळपास प्रत्येक पत्रात एक गोष्ट सारखी दिसली, सगळ्यांनी खुराडं दिवसा कसं दिसेल याचाच विचार केलाय. अहो, दिवसा कोंबडी खुराड्यात असतेच कुठे, ती बाहेर जाळीच्या आवारात उकरत असते. खुराडं लागतं रात्री, जेव्हा तिला नीट दिसत नाही, हलता येत नाही आणि बाहेर कोणीतरी दात घेऊन फिरत असतं. बहुतेक उत्तरं तिथूनच निघतात.

प्रश्न: दादा, मला ६ कोंबड्या ठेवायच्यात. एका तयार खुराड्यावर "८ कोंबड्यांसाठी" असं लिहिलेलं, पण मोजलं तर आतून ३ बाय ३ फूटच भरलं. एवढं पुरतं का की मीच बांधू?
— हौशी सुतार

बांधा, दुसरं काय. ९ चौरस फुटांत ८ कोंबड्या दांडीवर बसतात यात खोटं काही नाही, पण सकाळी पाऊस लागला किंवा दार उघडायला उशीर झाला की एकमेकींची पिसं उपटायला सुरुवात होते, आणि एकदा रक्त दिसलं की ती सवय मोडणं फार अवघड. मध्यम आकाराच्या कोंबडीला आत ४ चौरस फूट आणि बाहेरच्या आवारात १० चौरस फूट धरा. म्हणजे तुमच्या ६ जणींना आत २४ आणि बाहेर ६०, थोडक्यात ४ बाय ६ चं खुराडं आणि त्याला लागून ६ बाय १० चं आवार. अंडी घालायच्या पेट्या या हिशोबात धरायच्या नाहीत, त्या बाहेरच्या अंगाला लटकवायच्या आणि त्यांना वरून उघडणारं झाकण करायचं, म्हणजे अंडी काढायला आत वाकून शिरावं लागत नाही.

४ बाय ६ सांगतोय त्यामागे अजून एक कारण आहे, प्लायवूडची शीट ८ बाय ४ ची येते, एका कापात खालची जमीन निघते आणि ४ बाय २ चा तुकडा उरतो तो पेट्यांना नाहीतर दाराला कामी येतो. माप शीटवरून ठरवा, चित्रावरून नको. चौकट ठोकताना नुसता गुण्या लावून समाधान मानू नका, दोन्ही कर्ण मोजा, ४ बाय ६ ला ते साधारण ७ फूट अडीच इंच येतात, दोन्ही सारखे आले तरच चौकट काटकोनात बसली असं समजायचं, नाहीतर सगळं झाल्यावर दार लागत नाही आणि मग दाराला रंधा मारत बसावं लागतं.

आवाराची उंची ६ फूट तरी ठेवाच. ३ फुटी आवाराला सामान कमी लागतं हे मान्य, पण मग आजारी कोंबडी शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसली की तुम्हाला रांगत जावं लागणार आणि कुठून ते तुम्हाला कळेलच. अजून एक, ६ वर थांबलेला माणूस मी तरी बघितलेला नाही, जागा असेल तर २ कोंबड्यांची जास्तीची सोय आत्ताच करून ठेवा.

प्रश्न: घरी जुने रेल्वे स्लीपर, एक जुनं रंगवलेलं दार आणि माल येतो त्या लाकडी पॅलेट पडून आहेत. यातूनच खुराडं उभं राहील ना? नवीन लाकूड घ्यायची इच्छा नाही.
— भंगारप्रेमी

इच्छा चांगली आहे, पण तिन्हींची गोष्ट वेगवेगळी आहे. स्लीपर नकोच. ते कुजू नये म्हणून क्रिओसोट पाजलेलं असतं, ते डांबरासारखं काळं आणि विषारी, उन्हात तापलं की वास येतो तो त्याचाच, आणि कोंबडी लाकडाला चोच मारल्याशिवाय राहत नाही. जुन्या दाराचा रंग किती जुना आहे ते माहीत नसेल तर तेही बाजूला ठेवा, पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं आणि पोपडे सुटले की ते सरळ कोंबडीच्या पोटात आणि तिथून अंड्यात. घासून काढू म्हणाल तर ती धूळ तुमच्याच नाकात जाणार. पॅलेट मात्र चालतील, फक्त शिक्का बघा. एचटी (HT) अशी अक्षरं असली म्हणजे लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलंय, ते घ्या. एमबी (MB) असलं म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलीये, ते सोडा, आणि शिक्काच नसेल किंवा त्यावर कसलातरी तेलकट डाग असेल तर तेही सोडा.

जुनं हिरवट झाक असलेलं ट्रीटमेंटचं, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन पाजलेलं लाकूड कोणी फुकट देत असेल तर दोनदा विचार करा, त्यात बऱ्याचदा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असं मिश्रण असतं. अमेरिकेत घरगुती वापराचं असलं लाकूड करणं २००३ च्या शेवटी थांबलं, त्याआधीचं अजून कुंपणांत आणि डेकमध्ये, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्यांत असतं.

लाकूड कोणतंही घ्या, ते मातीत पुरू नका. खांब दगडावर, विटेवर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करा. वाळवी आणि ओल दोन्ही खालूनच चढतात, आणि खांबाचा खालचा कापलेला भाग पाणी शोषून घेतो म्हणून तिथे लाकडाचं तेल किंवा सीलर दोन-तीनदा पाजा. प्लायवूडच्या कडांचंही तेच, मधल्या भागाला काही होत नाही, कडेने पापुद्रे सुटायला लागतात. खुराड्याची जमीन मातीपासून दीड ते दोन फूट वर उचला. खाली सावली मिळते, कोंबड्या दुपारी तिथे जाऊन पडतात, आणि खाली उजेड-वारा खेळता राहिला की घुशींना तिथे बीळ करावंसं वाटत नाही. ४-५ इंचच उचललं तर तुम्ही घुशीला छत बांधून दिलंत असं समजा.

प्रश्न: षटकोनी भोकांची कोंबडीजाळी आणून आवार बांधलं, स्टेपल मारले, सगळं छान झालं. शेजारी म्हणाले ही जाळी काही कामाची नाही. खरं का?

शेजाऱ्यांचं ऐका. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. तार पातळ, नुसती पीळ दिलेली, कुत्र्याने एक पीळ उसकटला की पुढचं आपोआप सुटत जातं. १ इंचाच्या भोकातून उंदीर सहज आत येतो, आणि मांजर किंवा रॅकून (अमेरिकेतला, पंजे हातासारखे वापरणारा निशाचर प्राणी) पंजा आत घालून जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला ओढतं, पूर्ण कोंबडी बाहेर येत नाही पण जेवढी हाताला लागते तेवढी जाते. वाचायला नको वाटतं, पण असंच होतं.

अर्धा इंच, म्हणजे १२ मिलिमीटर भोकाची, जस्त चढवलेली वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी घ्या. गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा वाढला की तार पातळ होते हे लक्षात ठेवा, दुकानात नेमका उलटा गोंधळ होतो. खुराड्याच्या प्रत्येक खिडकीला आणि झरोक्याला हीच जाळी. आवाराला सगळीकडे लावायचं जमत नसेल आणि रात्री कोंबड्या नक्की आत बंद होत असतील तर निदान खालचे ३ फूट तरी ही लावा आणि वर मोठ्या भोकाची, पण मग चिमण्या आत येणार, खाद्य खाणार आणि रोगही आणणार, ते चालवून घ्यायचं.

आता स्टेपल. कुत्रा जाळीवर अंग टाकतो तेव्हा जाळी फाटत नाही, स्टेपल उपटतात. म्हणून जाळी चौकटीवर ताणून, वरून लाकडी रीप ठेवून, रीपेतून स्क्रू मारा, रीप नसेल तर स्क्रूला मोठा वॉशर. दोन जाळ्या जोडताना २ इंच एकमेकींवर चढवून तारेने शिवून टाका.

खाली खणून आत येणाऱ्यासाठी बरेच जण १ फूट खोल चर खणून जाळी पुरतात, चालतं, पण पाठ मोडते. त्यापेक्षा जाळीचा दीड-दोन फुटी पट्टा आवाराच्या बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवा पसरा, आवाराच्या जाळीला शिवा, वर माती नाहीतर दगड टाका. जनावर भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतं, तिथे नखाला जाळी लागली की २ फूट मागे सरकून उकरावं हे त्याच्या डोक्यात येत नाही. मला हा उपाय सगळ्यात आवडतो, कारण यात अक्कल वापरलीये आणि घाम कमी.

काम संपल्यावर जाळीचे कापलेले बारीक तुकडे आणि पडलेले स्क्रू एकूणएक उचला, मोठं चुंबक दोरीला बांधून गवतातून फिरवलंत तर पटकन होतं. कोंबडी चकाकणारं काहीही गिळते, आणि जस्त चढवलेल्या तारेचा तुकडा पोटात राहिला तर विषबाधा होऊन मरते, कळतही नाही कशाने गेली ते.

प्रश्न: घरातले म्हणाले गार वाऱ्याने कोंबड्या आजारी पडतील, म्हणून मी खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवून टाकल्या. आता सकाळी दार उघडलं की माझ्याच डोळ्यांतून पाणी येतं. काय चुकलं?
— काळजीवाहू

तुमच्या डोळ्यांनी उत्तर दिलंय की. तो अमोनिया आहे, शिटेतून निघतो, ओल असली की जास्तच. तुम्ही अर्धा मिनिट उभ्या राहता, त्या रात्रभर त्याच हवेत असतात आणि तेही तुमच्या नाकाच्या उंचीवर नाही, शिटेच्या जवळ. हवेतला अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर जाऊ देऊ नये असं सांगतात, त्याच्या वर डोळे आणि श्वासनळी दोन्ही खराब होतात, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी येतंय म्हणजे ती पातळी मोजायची पण गरज नाही.

कोंबडीला थंडीचं एवढं काही वाटत नाही हो, अंगावर पिसांची रजई असते, शरीराचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास. तिला मारते ती ओल आणि अंगावर सरळ येणारा झोत. श्वासातून आणि शिटेतून रात्रभर इतकी वाफ निघते की बंद खुराड्यात सकाळी छताच्या आतल्या बाजूला थेंब लोंबकळतात, कडाक्याच्या थंडीच्या जागी तुरा गोठून काळा पडतो तो बहुतेक वेळा या ओलीमुळेच. तेव्हा वारा हवा, पण डोक्यावरून जाणारा हवा.

मग करायचं काय, तर दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, छताच्या खाली, समोरासमोरच्या दोन भिंतींना लांबट झरोके कापायचे. ढोबळ हिशोब कोंबडीमागे १ चौरस फूट उघडी जागा, ऐकायला खूप वाटते पण दोन्ही बाजूंचे झरोके, खिडकी, सगळं धरून भरते. छताची वळचण १ फूट बाहेर काढा म्हणजे झरोक्यातून पाऊस आत येत नाही. पाऊस ज्या बाजूने झोडपतो त्या बाजूचा झरोका लहान ठेवा किंवा वरून बिजागरी लावलेली फळी द्या, हवी तेव्हा पाडता येते. दांडीच्या पातळीला मात्र फट नको, तिथल्या बुजवल्यात ते बरोबरच केलंत, वरच्या उघडा.

जिथे उन्हाळा कडक असतो तिथे तर एक अख्खी भिंत जाळीची ठेवली तरी चालते, ठेवावीच. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं एवढंच तिच्या हातात असतं, तिशीच्या वर पारा गेला की ते सुरू होतं. थंडीने नाही तेवढ्या कोंबड्या उकाड्याने मरतात. छताला नुसता पत्रा असेल तर त्याखाली २ इंच मोकळी जागा सोडून प्लायवूड मारा. थर्माकोल लावणार असाल तर तो दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकून टाका, उघडा दिसला की त्या तो टोचून टोचून खातात, का ते देव जाणे. आणि थंडी आहे म्हणून आत तापवायचा बल्ब लटकवू नका, लाकूड, भुसा, पिसं, धूळ आणि गरम बल्ब, आग लागायला अजून काय हवं.

तपासायची सोपी रीत म्हणजे पहाटे दार उघडायच्या आधी दांडीच्या उंचीला नाक नेऊन श्वास घ्या. झोंबलं तर एकतर हवा कमी आहे किंवा भुसा बदलायला झालाय.

प्रश्न: दांडी केलीये तरी सगळ्या अंड्यांच्या पेटीत झोपतात आणि अंडी घाण होतात.

दांडी पेटीपेक्षा खाली असणार. कोंबडीला रात्री सगळ्यात उंच जागा हवी असते, ती पेटी असेल तर पेटी. पेट्या खुराड्याच्या जमिनीपासून दीड फुटावर आणि दांडी त्याच्यापेक्षा निदान १ फूट वर घ्या, पेटीच्या वरच्या फळीला चांगला उतार द्या म्हणजे तिथेही बसणार नाहीत. दांडी २ ते ३ इंच रुंद, वरून सपाट, कडा रंध्याने गोल केलेल्या, भिंतीपासून १ फूट लांब, दर कोंबडीला ८ ते १० इंच लांबी. लोखंडी किंवा प्लास्टिकचा पाइप नको, पाय घसरतात आणि थंडीत गार पडतो. पेटी १ फूट बाय १ फूट, पुढे ४ इंचाची पट्टी, ४-५ कोंबड्यांत एक पुरते. जास्त केल्यात तरी सगळ्या एकाच पेटीपुढे रांग लावतात.

प्रश्न: खुराडं नवीनच आहे पण दांडीच्या टोकांना राखेसारखं काहीतरी साचतंय, आणि कोंबड्या संध्याकाळी आत जायला कुरकुर करतात. तुरे पण फिके पडलेत.
— हैराण

लाल उवा आहेत. तशी ती ऊ नाही, माइट, म्हणजे गोचिडीच्या जातकुळीतला बारीक जीव, पण सगळे लाल ऊच म्हणतात. ही दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाही, लाकडाच्या फटीत, दांडीच्या खाचेत, स्क्रूच्या डोक्यामागे बसते, आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. उपाशी असली की करडी, प्यालेली असली की लाल. दिवसा कोंबड्या तपासून "काही नाही" म्हणणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. रात्री टॉर्च घेऊन जा आणि दांडीच्या खालून पांढरा टिश्यू फिरवा, लाल रेघा उमटल्या की पक्कं.

कोंबड्या बाहेर काढा, दांड्या काढून उन्हात नेऊन घासा, सगळा भुसा काढून खुराड्यापासून लांब टाका, फटींत उकळतं पाणी ओता, मग आतून चुना द्या आणि तो सुकू द्या. रॉकेल-डिझेल फवारायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा, लाकडी घर आहे ते. आणि एकदा करून थांबू नका, उष्ण दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढायला हिला साधारण आठवडा लागतो, म्हणून ५ ते ७ दिवसांनी परत, मग परत. खुराडं रिकामं ठेवून उपाशी मारू म्हणाल तर ती कित्येक महिने उपाशी राहते. तुरे पांढरे पडलेत म्हणजे रक्त बरंच गेलंय, कोंबड्यांसाठी औषध जनावरांच्या डॉक्टरांकडूनच घ्या, अंड्यांसाठी किती दिवस थांबायचं तेही विचारून घ्या.

जे अजून बांधताहेत त्यांनी यातून काय घ्यायचं, तर दांडी स्क्रूने पक्की करू नका, भिंतीवर खाच असलेले ठोकळे मारून त्यात नुसती बसवा, हाताने उचलता आली पाहिजे. पट्ट्यांवर पट्ट्या, दुहेरी भिंत, छताखाली डांबरी फेल्ट हे सगळं म्हणजे उवांना घरपोच फ्लॅट. आतली बाजू जितकी साधी तितकी बरी. आवारात एका कोरड्या कोपऱ्यात माती, वाळू आणि लाकडाची राख घालून खोका ठेवा, धूळ अंघोळ करायला, अंगावर बसणाऱ्या उवा-पिसवांसाठी त्यांचा स्वतःचा उपाय तोच.

प्रश्न: आवारात नुसता चिखल होतो.

वर छप्पर घाला, निदान अर्ध्यावर. छताचं पाणी आवाराच्या बाहेर पडेल असा उतार द्या, खुराड्याच्या पागोळ्या आवारात पडत असतील तर पन्हळ लावा. खाली जाडी वाळू किंवा लाकडाचे मोठे तुकडे. छप्पर असलं की वरून उडणाऱ्या पाखरांची शीटही आत पडत नाही, बर्ड फ्लूच्या दिवसांत त्याचं महत्त्व कळतं. पाण्याचं भांडंही बाहेर छपराखालीच ठेवा, आत ठेवलं की सांडतं आणि मग वर सांगितलेला सगळा अमोनिया परत सुरू. ६ कोंबड्यांना दिवसाला दीड लिटर लागतं, उन्हाळ्यात दुप्पट.

प्रश्न: दाराला साधी सरककडी पुरेल का? आणि दार आत उघडावं की बाहेर?

कुत्रा-मांजराला पुरेल, ज्यांना हात वापरता येतात त्यांना नाही, त्यामुळे कडीत एक स्प्रिंगचा हूक अडकवा. खुराड्याचं दार बाहेर उघडणारं, कारण आत ४-५ इंच भुश्याची गादी असते आणि आत उघडणारं दार त्यात रुतून बसतं. उंबऱ्याला ६ इंचाची फळी आडवी द्या, तीही काढता येणारी, सफाईच्या दिवशी फळी काढली की सगळा भुसा सरळ ओढून घमेल्यात.

प्रश्न: सगळं बांधून झालं, कोंबड्या आणल्या, पण संध्याकाळी त्या आत जायलाच तयार नाहीत, आवाराच्या कोपऱ्यात गठ्ठा करून बसतात. रोज उचलून ठेवतोय. ऑटोमॅटिक दार लावलं तर जातील का?
— थकलेला

दार त्यांना आत ढकलत नाही, ते नुसतं बंद होतं, म्हणजे उलट बाहेर राहिलेल्या बाहेरच अडकतील. नवीन कोंबड्यांना आधी ४-५ दिवस खुराड्यातच कोंडा, दाणापाणी तेवढ्यापुरतं आत द्या, घर कुठलं ते त्यांना कळलं की अंधार पडायच्या आत आपणहून परत येतात. शिडी बघा, फार खडी असेल तर चढत नाहीत, ४५ अंशांपेक्षा कमीच ठेवा आणि दर ६ इंचांवर आडवी पट्टी मारा. एवढं करून एखादी हट्टी राहिलीच तर संधिप्रकाशात आत दांडीजवळ छोटा दिवा थोडा वेळ लावा, उजेडाकडे येतात, मग बंद करा. ऑटोमॅटिक दार महिनाभराने खुशाल लावा, पण पहिले काही दिवस ते बंद झाल्यावर आत टॉर्च मारून डोकी मोजायची.